गोमुखासनात गुडघ्यात कळ येते आणि मागे हात जुळत नाहीत, चालू ठेवू की सोडू?

कारेलीबागकर_४६

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, वेळ असेल त्यांनी शेवटपर्यंत वाचा प्लीज. मी बडोद्यात कारेलीबागेत राहते, वय ४६, अकाउंट्सचं काम, म्हणजे दिवसभर खुर्ची आणि कॉम्प्युटर. डिसेंबरपासून घराजवळच्या एका योगा क्लासला जायला लागले, सकाळी ६ ची बॅच. बाकी सगळं हळूहळू जमायला लागलंय, पण गोमुखासन (बसून पाय एकावर एक दुमडायचे आणि एक हात वरून, एक खालून पाठीमागे जुळवायचा) आलं की माझी गाडी अडते. उजवा पाय वर घेतला की दोन्ही गुडघे एकावर एक येतच नाहीत, मधे चांगली मूठभर जागा राहते, डाव्या बाजूची बैठक जमिनीवरून उचलली जाते आणि मी वाकडी होऊन बसते.

आता झालं असं की गेल्या आठवड्यात मॅडम मागून आल्या, माझ्या वरच्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि "थोडं अजून बेन, सोडा, सोडा, खुलेल" म्हणत दाबलं. उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला टक् झालं आणि एक कळ गेली, मी ओरडलेच. सूज वगैरे आली नाही पण तेव्हापासून जिना उतरताना तिथेच चावल्यासारखं होतं. मॅडम मनाने चांगल्या आहेत, मुद्दाम नाही केलं हे मला कळतं, पण आता त्या जवळ आल्या की अंग आपोआप आखडतं.

दुसरं म्हणजे खांदा. उजवा हात वरून मागे नेते तेव्हा ओढ बसते पण जातो, उजवा हात खालून मागे घेतला की मात्र जेमतेम कमरेच्या पट्ट्यापर्यंत पोचतो, पुढे नाहीच. डावा खालून छान वर जातो, त्या बाजूला हातांत चार बोटांचं अंतर उरतं, उजव्याला वीतभराच्या वर. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, दोन्ही दिवस भाच्यांबरोबर गच्चीवर होते, १४ ला आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणला, पतंग मीच उडवला जास्त, तेव्हापासून हा खांदा जरा जड आहे हे पण सांगून ठेवते. क्लासमधल्या सगळ्यांचे हात जुळतात, बाजूच्या ६० वर्षांच्या काकू पण बोटं अडकवतात, त्यामुळे मला वाटतं मीच कमी पडतेय.

तर विचारायचं हे, की गुडघा दुखत असताना हे आसन करत राहिलं तर कंबर मोकळी होईल का बिघडेल? खाली चादर घेऊन बसले तर फायदा जातो का, कारण क्लासमध्ये त्याला "सपोर्टची सवय लावू नका" म्हणतात. नवरात्रात मला नऊच्या नऊ दिवस गरबा खेळायचाय, गेल्या वर्षी पाचव्या दिवशी कंबर धरली होती, त्यासाठीच तर हे सगळं सुरू केलं.

———

अकोट्याचा_रनर

ताई थोडं दुखणारच ओ. शरीर इतकी वर्षं खुर्चीत जाम झालंय, सहन केल्याशिवाय ते उघडत नाही. माझे पण हात जुळत नव्हते, मित्राला मागून ओढायला लावायचो, दोन महिन्यात जुळले. सोडू नका.

———

फिजिओ_मांजलपूर

वरच्या भाऊंचा अनुभव त्यांचा आहे, पण ताई तुम्ही प्लीज असं करू नका, कळकळीने सांगतोय, कारण दर महिन्याला असे दोन-तीन गुडघे माझ्यासमोर टेबलावर येतात.

आधी गुडघा. मांडीचं हाड खुब्यात बसतं तो उखळीचा सांधा, तो सगळ्या दिशांना फिरतो. गुडघा बिजागरीचा, तो मुख्यतः वाकतो आणि सरळ होतो, वाकलेला असताना अगदी थोडासा फिरतो, बस. गोमुखासनात जे फिरणं लागतं ते सगळं खुब्यातून यायला हवं. खुबा फिरायचा थांबला आणि तरी तुम्ही पाऊल ओढून पलीकडे नेलं किंवा कोणी वरून दाबलं तर उरलेला पीळ जातो कुठे, तर मधल्या बिजागरीत, आणि तिथे दोन हाडांच्या मधे कूर्चेच्या चकत्या असतात, मेनिस्कस म्हणतात ते, त्या पिळल्या जातात. म्हणून गुडघ्यातली कळ ही "उघडण्याची" कळ कधीच नसते. गुडघा उघडायचा नसतोच मुळी, उघडायचा असतो खुबा.

ओढ कुठे जाणवली तर बरोबर, तर पँटच्या मागच्या खिशाच्या जागी, कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला. तिथे ताण आला आणि श्वास चालू राहिला तर ठीक. जांघेत पुढे चिमटल्यासारखं झालं तर तो हाडाला हाड लागल्याचा चिमटा असू शकतो, आणि तो जोर लावून जात नाही. प्रत्येकाच्या खुब्याची खोली आणि मांडीच्या हाडाचा कोन वेगळा असतो, तुमच्या बाजूच्या काकूंचे सांधे त्यांचे, तुमचे तुमचे, यात कमी पडण्याचा प्रश्नच कुठे येतो.

सध्या तीन आठवडे या आसनातलं पायांचं काम पूर्ण बंद ठेवा. गुडघा सुजला, मधेच अडकला, सरळ होईना, किंवा चालताना दगा देतोय असं वाटलं तर वाट न बघता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नुसतं जिन्यावर चावतंय आणि रोज थोडं कमी होतंय तर बहुतेक शांत होईल.

खांद्याबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटतेय म्हणून एक करून बघा. आरशासमोर उभ्या राहा, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, हात काटकोनात पुढे, अंगठे वर. आता कोपर न सोडता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा, दार उघडतो तसे. डावा किती जातो, उजवा किती? मग डाव्या हाताने उजवं मनगट धरून हळूच अजून बाहेर न्या, जातंय का तिथेच भिंत लागल्यासारखं थांबतंय? आणि रात्री त्या कुशीवर झोपता येतं का? शुगर शेवटची कधी तपासली होती? हे सांगा, मग पुढे बोलू. तोवर मागे हात नेणं बंद.

———

रावपुरा_योगशिक्षिका

मी बावीस वर्षं सकाळच्या बॅचेस घेतेय, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या बायकाच, तर त्या अनुभवातून लिहिते. फिजिओ दादांनी गुडघ्याचं अगदी नीट सांगितलंय. मला वाईट याचं वाटतं की तुमच्यावर दाब देताना कोणी विचारलं नाही. मी कोणाच्याही गुडघ्यावर हात ठेवत नाही, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नवीन मुलींना पण हेच पहिल्या दिवशी सांगते. तुम्ही क्लासमध्ये स्पष्ट बोला, की मॅडम मला तोंडी सांगा, हात लावू नका. यात उद्धटपणा काही नाही.

चादरीचं विचारलंत ना, अहो चादर घेतल्याशिवाय हे आसन तुमचं होतच नाहीये. बैठक उचलली जाते म्हणजे खुबा सांगतोय की मला इथपर्यंतच जमतं. घरातली जाड सोलापुरी चादर घ्या, घट्ट चौघडी करून चार-पाच इंच उंची झाली पाहिजे, गादी किंवा उशी नको, ती दबते आणि एकीकडे कलते. त्या घडीच्या पुढच्या काठावर बसायचं, मधोमध नाही, म्हणजे कंबर मागे पडत नाही आणि पाठ आपोआप उभी राहते. दोन्ही बैठकीची हाडं सारखी टेकली की नाही हे बघायला हात खाली घालून चाचपा, लाज वाटून घेऊ नका. तरी एक बाजू वर राहिली तर त्या बाजूला अजून एक नॅपकिन सरकवा.

गुडघा बरा झाला की सुरुवात पूर्ण आसनाने करायचीच नाही. आधी पाठीवर झोपून करा, पाय एकमेकांवर घ्या मांडीवर मांडी टाकल्यासारखे, आणि दोन्ही हातांनी नडग्या धरून गुडघे छातीकडे आणा. वजन नसतं त्यामुळे गुडघ्याला धोका कमी, आणि ओढ बरोबर मागच्या खिशापाशीच येते. हे आठ-दहा दिवस. मग चादरीवर बसून खालचा पाय सरळ ठेवून फक्त वरचा दुमडायचा, अर्धं गोमुखासन. त्यात काही चावलं नाही तरच खालचा पाय दुमडायचा, आणि टाचा कुल्ल्यांना चिकटवायच्या नाहीत, चार-सहा बोटं लांब राहू द्या. गुडघ्यांमधे मूठभर जागा राहते म्हणालात ती राहू द्या, तिथे नॅपकिनची घडी कोंबा म्हणजे वरचा पाय लोंबकळत राहत नाही, त्याला टेकू मिळतो. तो टेकू मिळाला की कुल्ला स्वतःहून सैल होतो हे मी शेकडो वेळा बघितलंय, दाबून मात्र एकाही बाईचा झालेला बघितला नाही.

हातांसाठी सुती ओढणी किंवा पंचा. वरच्या हातातून तो पाठीवर सोडायचा, खालच्या हाताने जिथे मिळेल तिथे धरायचा, आणि एकमेकांकडे ओढायचं नाही, फक्त धरून वरचं कोपर छताकडे आणि खालचं जमिनीकडे लांब करायचं. दोन गोष्टी सगळ्यांच्या चुकतात, एक म्हणजे वरचा दंड मान पुढे ढकलतो आणि हनुवटी छातीला लागते, दुसरी म्हणजे हात जुळवायच्या नादात खालच्या बरगड्या पुढे फुगतात आणि कंबरेला बाक येतो. तेव्हा हात जुळलेले दिसतात पण खांद्याचं काम काहीच झालेलं नसतं, कंबरेतून चोरलेलं असतं सगळं. पाच-सहा सावकाश श्वास एका बाजूला, मग दुसरी बाजू. श्वास रोखला गेला की लगेच ढील द्यायची. बाहेर येताना पाय एकदम झटकू नका, हात सोडा, मागे टेका, एकेक पाय लांब करा, मग थोडा वेळ तसंच बसा. पायाला मुंग्या आल्या तर तेव्हाच सोडायचं, मोजून पूर्ण करायचं नाही.

आणि थंड अंगाने कधीच नाही. फेब्रुवारीत सकाळी ६ ला आपल्याकडे पण गारवा असतो, आधी मार्जारासन (गुडघे-हात टेकून मांजरासारखी पाठ वर-खाली करणं), खांदे फिरवणं, भद्रासनात (तळवे जुळवून, गुडघे बाजूला सोडून) बसून थोडा वेळ, मग हे.

———

दांडियाबाजारचे_काका

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, मोबाईलवर टाइप करायला मला वेळ लागतो. आमचं लहानपण दांडिया बाजारात गेलं, संध्याकाळी जुम्मादादा व्यायाम मंदिरात पाठवायचे घरचे, मलखांब, लेझीम, दंड-बैठका. बडोद्यातल्या कितीतरी लोकांना हे माहीत नसतं की लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंस्था काढणारे स्वामी कुवलयानंद आपल्याच भागातले, जन्म १८८३ चा, डभोईचा. तरुणपणी ते याच जुम्मादादांच्या आखाड्यात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तीन वर्षं तयार झाले, आणि योग शिकले ते नर्मदाकाठी मालसरला माधवदासजी महाराजांकडे. नंतर १९२० च्या सुमाराला त्यांनी बडोद्याच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत उड्डियान (पोट आत ओढून धरणं) आणि नौलीचे (पोटाचे स्नायू फिरवणं) शरीरावर काय परिणाम होतात ते तपासून बघितले. म्हणजे मोजून बघा, तपासून बघा, मग माना, ही गोष्ट या गावात शंभर वर्षांपूर्वी झालेली आहे, आणि आज कोणी "सहन करा" म्हणतं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं, हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात जी १५ आसनं सांगितली आहेत त्यात गोमुखासन आहे, पण तिथल्या श्लोकात फक्त पाय आहेत. उजवा घोटा डाव्या कुल्ल्याच्या बाजूला, डावा घोटा उजव्याच्या बाजूला, झालं गोमुख. पाठीमागे हात बांधायचं त्या श्लोकात नाव नाही. तेव्हा बेटा तुझे हात जुळले नाहीत म्हणून आसन अपुरं राहिलं असं मनातून काढून टाक. नुसतं पायांचं करून हात मांडीवर ठेवून बसलीस तरी ते गोमुखासनच आहे.

माझं एकच म्हणणं की रात्रीचं जेवण तरी खाली पाटावर मांडी घालून करा, इथे आपली पोरं त्याला पलांठी म्हणतात, ते सुटलं आणि खुबे जाम झाले. योगशिक्षिका ताईंना पटेल हे.

———

रावपुरा_योगशिक्षिका

काका श्लोकाचं अगदी खरं, मी पण हे वर्गात सांगते. मांडीचं मात्र सगळ्यांना नको सांगायला, ज्यांचा गुडघा आधीच चावतोय त्यांनी आत्ता पाटावर बसून जेवणं म्हणजे वीस मिनिटं तोच कोन. या ताईंनी महिनाभर तरी खुर्चीतच बसावं.

———

समा_रोडची_सून

मधेच विचारते, माझ्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं रिप्लेसमेंट झालंय, वय ७१, त्यांना टीव्हीवर बघून हे करायचंय. चालेल का?

———

फिजिओ_मांजलपूर

नाही, ते पायांचं करू देऊ नका. आणि ज्यांचा खुबा बदललाय त्यांच्यासाठी तर याहून धोका, पाय वाकवून मधल्या रेषेच्या पलीकडे नेणं हीच ती हालचाल जिच्यात नवीन खुबा निसटू शकतो. सासूबाईंना खुर्चीत ताठ बसून ओढणी धरून खांद्याचं करू द्या, तेही त्यांच्या सर्जनना एकदा विचारून.

———

कारेलीबागकर_४६

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचं वाचून डोळे भरून आले खरंच.

दादा तुम्ही सांगितलेलं आरशासमोर करून बघितलं. डावा पंजा छान बाहेर गेला, उजवा अर्ध्यातच थांबला. डाव्या हाताने ढकलून बघितलं तर पुढे सरकतच नाही, आत कोणी धरून ठेवल्यासारखं. रात्री उजव्या कुशीवर झोपले की दोन-अडीचला जाग येते, मी समजत होते पतंगाने आखडलंय. शुगर तीन वर्षांत तपासली नाहीये, आईला होती.

———

फिजिओ_मांजलपूर

ताई मग हा खांदा ओढायचा नाही, ओढणीने पण नाही. स्वतःच्या ताकदीने हात जात नाही पण दुसऱ्या हाताने नेला तर जातो, असं असतं तर मी स्नायूचं किंवा टेंडनचं दुखणं म्हटलं असतं. दुसऱ्याने नेला तरी जात नाही, त्यातही बाहेर फिरवणं सगळ्यात आधी अडलंय आणि रात्री दुखतं, ही फ्रोजन शोल्डरच्या, म्हणजे खांद्याचा सांधा आखडून जाम होण्याच्या, सुरुवातीची लक्षणं असू शकतात. चाळिशी ते साठीत जास्त दिसतं, बायकांमध्ये जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर त्याहून जास्त. इथे बसून मी निदान करणार नाही, डॉक्टरांनी हात लावून बघायला हवं. तुमच्या आसनातला हातांचा भाग आहे ना, एक हात वरून आणि एक खालून पाठीवर, जवळपास हीच हालचाल आम्ही खांदा तपासायला करून घेतो, ती मोजपट्टी आहे असं समजा. सुजलेल्या दिवसांत मोजपट्टीलाच व्यायाम करून बसलात तर सांध्याचं आवरण अजून चिडतं आणि मग महिनोन् महिने जातात. फ्रोजन शोल्डर हळूहळू सुटतो, पण या पहिल्या दुखऱ्या काळात जबरदस्ती केलेली त्याला अजिबात चालत नाही.

शुगरची तपासणी याच आठवड्यात, तीन महिन्यांची सरासरी दाखवते ती एचबीएवनसी पण सांगा लॅबला.

———

अकोट्याचा_रनर

ताई सॉरी, मी पूर्ण न वाचता लिहिलं होतं. मित्राकडून ओढून घेतलं तेव्हा माझा पण खांदा दोन आठवडे दुखलेला, ते लिहायचं राहिलं. माझं ऐकू नका.

———

कारेलीबागकर_४६

पाच आठवड्यांनी परत लिहितेय, ज्यांनी एवढा वेळ दिला त्यांना कळवायला पाहिजे म्हणून.

डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डरची सुरुवातच सांगितलं. एचबीएवनसी ६.१ आलं, म्हणजे मधुमेह अजून नाही पण उंबरठ्यावर, ५.७ ते ६.४ मधे असलं की तसं म्हणतात असं त्यांनी समजावलं. आता रात्री जेवणानंतर कमाटी बागेच्या बाजूने अर्धा तास चालते, आणि भाताची वाटी लहान केली. खांद्याला गरम शेक आणि भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम, टेबलावर हात टेकून पुढे झुकणं, एवढंच, दुखेल तिथे थांबायचं. मागे हात नेणं अजून बंदच आहे. रात्रीची झोप मात्र परत आली.

गुडघा तीन आठवड्यांत शांत झाला. मग रावपुऱ्याच्या ताईंनी सांगितलं तसं पाठीवर झोपून दहा दिवस केलं, पहिल्यांदा ती ओढ बरोबर मागच्या खिशात आली तेव्हा कळलं की इतके दिवस मी ती चुकीच्या जागी शोधत होते. आता आईची जुनी सोलापुरी चादर चौघडी करून बसते, गुडघ्यांमधे नॅपकिन, हात मांडीवर. काल सकाळी नॅपकिनची एक घडी कमी करता आली. उजवीकडे पाय वर घेतला की अजून एक बाजू जराशी उचलते, तिथे रुमाल ठेवते.

मॅडमशी बोलले. त्या आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या मला कोणी असं सांगितलंच नव्हतं कधी. आता क्लासमध्ये कोपऱ्यात चार चादरी ठेवल्यात आणि बाजूच्या काकू पण एक घेऊन बसतात, त्यांनाही गुडघ्यात चावायचं म्हणे, बोलत नव्हत्या इतकंच.

फिजिओ दादा, एक राहिलं, नवरात्रापर्यंत खांदा टाळी वाजवण्याइतका वर जाईल का?

———

फिजिओ_मांजलपूर

ताई, छातीपुढची टाळी आत्तासुद्धा वाजेल. डोक्यावरची कधी ते दर महिन्याला आरशासमोर तेच पंजे बाहेर उघडून बघा आणि इथे लिहा, मी उत्तर देईन. तीन टाळीचा गरबा सावकाश लयीत आधी घरी करून बघा, आणि वळताना पाऊल उचलून वळा, जमिनीला चिकटलेल्या पावलावर गुडघा फिरवू नका.